सोफ्याची डावी बाजू

लोकांच्या घरी जाऊन टीव्हीवरचं अडखळणारं चित्र सुरळीत करून देणं हेच त्याचं काम होतं, आणि स्वतःच्या घरातलं चित्र मात्र तो बायकोच्या शेजारी बसला की फुटायचं. दिव्याखाली अंधार म्हणून आधी त्याने ते हसण्यावारी नेलं. स्वयंपाकघरातून कान द्यावा तर संवाद अखंड चाललेले असायचे, मधूनच तिचं हसू. आणि तो हात पुसत येऊन सोफ्यावर तिच्या डाव्या अंगाला टेकला, की पडद्यावरचे चेहरे धूसर व्हायचे, मग त्यांचे चौकोनी तुकडे पडायचे आणि शेवटी ते कंटाळवाणं वर्तुळ फिरू लागायचं.

"तू आलास की असं होतं," ती म्हणायची. त्यात तक्रार नसायची. पण तो उठून गेला की ती पाय पोटाशी घेऊन पुन्हा रमायची, आणि ते त्याला टोचायचं.

कारण आपल्याला माहीत आहे असं त्याला वाटत होतं. राउटर सोफ्यामागच्या कपाटावर होता, आणि माणसाचं अंग वायफायच्या लहरी अडवतं हे तो गिऱ्हाइकांना उठता-बसता सांगत असे. त्याने राउटर उंचावर नेला. चित्राचा दर्जा एक पायरी खाली आणला. टीव्हीचा जुना बॉक्स काढून नवा जोडला. अखेर एका रविवारी दुपारी त्याने भिंतीच्या कडेने राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ वायरच ओढली. आता अंगाने अडवावं असं मध्ये काही उरलंच नाही, म्हणून समाधानाने तिच्या शेजारी जाऊन बसला, आणि चित्र फुटलं.

मग त्याने कामावरच्या जोडीदाराला बोलावलं. जोडीदार खिडकीजवळच्या खुर्चीत बराच वेळ बसून होता. तोवर चित्र आरशासारखं. नवरा बायकोशेजारी जाऊन बसला, की तुकडे.

"वहिनी, टीव्ही ठणठणीत आहे. बिघाड याच्यातच आहे," जोडीदार म्हणाला, आणि दोघं मनापासून हसली. तिला आपण असं शेवटचं कधी हसवलं होतं ते त्याला आठवेना. जोडीदाराला दारापर्यंत पोचवताना 'पुन्हा ये' एवढंही त्याच्या तोंडून निघालं नाही.

परत येऊन तो त्या खुर्चीत बसला. चित्र स्वच्छच राहिलं. म्हणजे प्रश्न जागेचाच, असं स्वतःला समजावत त्याने पाय लांब केले. पडद्यावर काहीतरी गंमत झाली. ती हसली, आणि हसता हसता तिने मान वळवली. खुर्चीकडे नाही, डावीकडे, सोफ्याच्या रिकाम्या बाजूकडे. समोरच्याचं हसू ओसरायची वाट पाहावी तशी ती क्षणभर थांबली. मग तिचे ओठ हलले.

मघाशी जोडीदाराचा राग आला होता तेच बरं होतं. निदान कुणावर चिडायचं ते तरी ठाऊक होतं. ती काय बोलते आहे ते ऐकू यावं म्हणून त्याने रिमोट उचलला आणि आवाज हळूहळू कमी करत नेला.

"अरे, वाढव ना," पडद्यावरची नजर न काढता ती अगदी साध्या सुरात म्हणाली. "त्याला कमी ऐकू येतं."