सहाशे चौदा तुकडे

आमच्या गावात मोठा रस्ता आला, तेव्हा चानफेंगमावशीचं सागाचं घर नेमकं त्याच्या आड आलं. नव्वद वर्षांचं, उंच खांबांवरचं, एकही खिळा नसलेलं घर. जुन्या वास्तू जपणाऱ्या समितीचे साहेब आले आणि हात जोडून म्हणाले, "आजी, घर पाडणार नाही. उकलून चाळीस हात मागे, तुमच्याच जागेत, जसंच्या तसं उभं करू."

मावशी माझ्याकडे वळली. "इनता, सुतार तू. जमतं का रे असं?"

"न जमायला काय झालं? आपली घरं उकलता येतील अशीच बांधतात. प्रत्येक फळीवर आकडा घालतो."

"यांच्या कागदावर नाही, तुझ्या आकड्यांवर भरवसा ठेवते हं," म्हणाली आणि सही करून भाचीकडे राहायला गेली.

मी गाढव. सहाशे चौदा तुकड्यांवर रंगाने आकडे घातले, न पुसणारे. रस्ता झाला. मावशीची उरलेली जागा मोटारी लावायला घेतली. सही केलेल्या कागदात बारीक अक्षरांत 'योग्य जागी उभारणी' असं निघालं. योग्य जागा म्हणजे डोंगरावरचं हॉटेल!

"घर वाचलं ना?" साहेब मलाच ऐकवू लागले. "तूच येऊन उभं कर. नाहीतर हॉटेलवाले त्या लाकडाची टेबलं करतील."

टेबलांपेक्षा घर बरं, अशी मी मनाची समजूत घातली. दोन महिने राबलो. रोज लाज वाटायची, पण हातून वाकडं काम होईना.

उद्घाटनाला फोटोसाठी मावशीलाही बोलावलं. जिन्यापाशी तिने सवयीने चपला काढल्या.

"राहू द्या आजी, पाहुणे घालूनच जातात," दारातली मुलगी हसून म्हणाली.

मावशी चपला हातात घेऊन वर गेली. भिंतींवरून हात फिरवत हिंडली. नवऱ्याचं अंथरूण असायचं तिथली फळी पायाखाली पूर्वीसारखीच कुरकुरली. मावशी तिथेच बसली.

"एकसुद्धा चूक नाही रे, इनता."

मी मूर्खासारखा सुखावलो. "नाही मावशी, एकही नाही."

"एक तरी करायची होतीस, मेल्या. हे माझं घरच नव्हे, असं म्हणून खाली उतरले असते."