यारिंबिन क्लबची तांब्याची कडी

"टूं!" स्पीकर वाजला आणि कुंपणाला टेकलेल्या दोनशे माणसांनी एकदम श्वास रोखला. मैदानावर अजून एकवीस जण पळत होते. दहावी पायरी!

यारिंबिन फुटबॉल क्लबात डिसेंबरात याच चाचणीत दहाव्या पायरीवर फक्त चार जण पोचले होते, आणि आता, फेब्रुवारीत, एकवीस! तेव्हा चारवरही आम्ही खूश होतो. त्या संध्याकाळी बायका रडत होत्या, गव्हाच्या कोठारावर काम करणारे धटिंगण एकमेकांना मिठ्या मारत होते. आमचा अध्यक्ष केव्ह मॅकलार्टी तर माझी मान पकडून ओरडला, "नेव्ह, बघ रे बघ! गेल्या वर्षी हीच पोरं सोळा सामने हरली होती!"

मी नेव्हिल शुल्त्झ. तीस वर्षं या क्लबच्या खेळाडूंचे घोटे बांधतोय, नाकाचं रक्त पुसतोय. त्या संध्याकाळी मीही टाळ्या वाजवल्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी ज्या प्रकारावर चिडणार आहे, त्यात मीही सामील आहे.

मैदानाच्या मधोमध पांढऱ्या टोपीत डॉक्टर फेंटन ब्रे उभा होता. कसला डॉक्टर, हे कुणी विचारलं नव्हतं. डिसेंबरात, आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, तो आला आणि क्लबकडून पैसे घेऊन प्रत्येक खेळाडूच्या डाव्या पायात तांब्याचं कडं घालून मोकळा झाला.

"हे कडं नाही, मित्रांनो, ही तार आहे!" तो गर्जायचा. "जमिनीतली वीज तळव्यातून वर, घोट्यातून वर, थेट फुफ्फुसात! पण मनात शंका आली की तार तुटली. आणि रसायनं! गोळ्या, पंप, फवारे! रसायन आत गेलं की वीज बाहेर."

लोक माना डोलवायचे. ज्यांना घरातला फ्यूज बदलता येत नव्हता, तेही विजेबद्दल बोलू लागले.

दर वर्षी हंगामाआधी दम जोखायला आम्ही दोन किलोमीटरची धाव घ्यायचो, कुंपणाच्या कडेने. हायस्कूलच्या विज्ञानाच्या बाई रॉझलिन ट्रेगेन्झा क्लबात हे काम बघायच्या. निम्मा संघ त्यांच्याच हाताखाली शिकलेला. डिसेंबरची धाव त्यांनी एका सकाळी घेतलीही होती, पण ब्रेने आल्याच्या पहिल्याच दिवशी ती पद्धत मोडीत काढली.

"लांब धाव घोड्यांची! आपला खेळ वळण्याचा, थांबण्याचा, पुन्हा सुटण्याचा. आपण बीपची चाचणी घेणार." दोन शंकूंमध्ये वीस मीटर, बीप वाजायच्या आत पलीकडे पोचायचं, पुढच्या बीपला परत. दर पायरीला बीप जवळजवळ येत जातात. दोनदा चुकला तो बाहेर.

बाई म्हणाल्या, "चाचणी वाईट नाही. पण दोन्ही घेऊ या की. धावही, बीपही."

"बाईंना शंका आहे," ब्रे हसून म्हणाला, आणि सगळे हसले. मीसुद्धा.

आमच्या संघात टली हॉकिंग नावाचा बावीस वर्षांचा खेळाडू होता. उंच, लाजाळू, लहानपणापासून दम्याचा. सकाळ-संध्याकाळ पंप ओढायचा आणि वाऱ्यासारखा पळायचा. त्याची आई नोरीन क्लबच्या खिडकीत मांसाचं सारण भरलेले मीट-पाय आणि चहा विकायची. दहावी पायरी गाठल्याच्या दुसऱ्याच दिवशी खेळाडूंच्या खोलीत झाडताना कचऱ्याच्या डब्यात मला टलीचा पंप दिसला. भरलेला.

"टली, हा पडला का रे तुझा?"

"टाकलाय, नेव्ह. महिनाभर ओढलाच नाही. डॉक्टर म्हणाले, त्याने तार तुटते. सातवरून दहावर गेलोय मी! खरं सांग, पंपाने कधी गेलो होतो?"

मी पंप खिशात घातला आणि गप्प बसलो. संघ खुशीत होता, केव्ह खुशीत होता. म्हाताऱ्याने कशाला पचकायचं!

दहाव्या पायरीच्या त्या जत्रेनंतर आठवड्याभरात सरावाचा सामना झाला. उत्तरेचा तापलेला वारा, हवेत कापलेल्या पिकाची धूळ. तिसऱ्या सत्रात टली चेंडूमागे धावता धावता गुडघ्यावर बसला. मी पोचलो तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. माझ्या पेटीत क्लबचा पंप होता, तो मी त्याच्या तोंडाला लावला. त्याने मान फिरवली. त्या अवस्थेतही! त्याला तार तुटायची भीती होती. शेवटी नोरीनने येऊन त्याचं डोकं घट्ट धरलं, तेव्हा कुठे चार फवारे आत गेले. रुग्णवाहिका चाळीस किलोमीटरवरून यायची होती. तेवढा वेळ ती माउली एकच वाक्य म्हणत होती, "घे रे श्वास, घे माझ्या राजा."

टली वाचला. चार दिवस नळीने श्वास घेऊन वाचला.

आणि ब्रे काय म्हणाला? क्लबात सगळ्यांसमोर, कपाळावर आठी न पाडता: "मला वाईट वाटतं. पण पोराच्या मनात शंका होती."

माझ्या कानशिलात रक्त चढलं. मी तडक ट्रेगेन्झा बाईंच्या घरी गेलो आणि पंपाची सगळी गोष्ट सांगितली. वाटलं, त्या मला झाडतील. त्यांनी वही उघडली.

"नेव्ह, डिसेंबरची पहिली बीप चाचणी किती वाजता घेतली?"

"दुपारी तीनला. एकोणचाळीस डिग्री होतं."

"आणि ही दुसरी?"

"संध्याकाळी सातला, गार वाऱ्यात."

"बीपचा आवाज कुणाचा?"

"पहिल्या वेळी क्लबच्या जुन्या सीडीवरचा. दुसऱ्या वेळी ब्रेच्या फोनवरचा."

"आणि वीस मीटर कुणी मोजले?"

"मीच. पहिल्या वेळी टेपने, पण दुसऱ्या वेळी दोरी त्याची होती. गाठी मारलेली. म्हणाला, मोजू नकोस, गाठीला शंकू ठेव."

बाईंनी वही मिटली. "उद्या संध्याकाळी सगळ्यांना बोलव. त्यालाही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा दोनशे माणसं जमली. ब्रे आला तो हात पसरून. "शंकेला उत्तर श्रद्धेने देऊ! घ्या चाचणी!" त्याने फोन स्पीकरला जोडला, दोरी पसरली.

बाई पुढे झाल्या. "थांबा. धावायच्या आधी दोन गोष्टी. केव्ह, तू सुतार आहेस. तुझ्या टेपने हे अंतर मोज."

केव्हने टेप ओढला. पुन्हा ओढला. मग खाली बसून तिसऱ्यांदा. "एकोणीस," तो पुटपुटला.

"मोठ्याने, केव्ह."

"एकोणीस मीटर!"

"आता आवाज. या ध्वनिफितीच्या सुरुवातीला तपासणीसाठी दोन ठोके असतात, बरोबर एक मिनिटाच्या अंतराने. घड्याळं काढा सगळ्यांनी."

ठोका वाजला. शंभरएक माणसं मनगटाकडे बघत उभी राहिली. साठ सेकंद झाले. ठोका नाही. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. चौसष्टाव्या सेकंदाला स्पीकर वाजला.

"टूं."

घड्याळांवरच्या नजरा ब्रेकडे वळल्या.

"मिनिट ताणलंय आणि जमीन आखडलीय," बाई म्हणाल्या. "दर फेरीला एक मीटर कमी, वर प्रत्येक बीप उशिरा. एवढ्यानेच अडीच पायऱ्या फुकट मिळतात. उरलेलं संध्याकाळच्या गारव्याने दिलं. दोन किलोमीटरची धाव याला का नको होती? कारण कुंपणाची लांबी गावाला ठाऊक आहे आणि घड्याळ प्रत्येकाच्या हातात आहे. याने चाचणी निवडली ती दम मोजायला नाही. जिच्यात अंतरही याच्या खिशात आणि वेळही याच्या खिशात, ती निवडली!"

ब्रेचं हसू अजून ओठांवर होतं. "आकड्यांच्या पलीकडे काही असतं, बाई. पोरांना विचारा, त्यांना वीज जाणवली की नाही!"

"जाणवली ना!" गर्दीतून एकजण ओरडला. "आमचा आनंद का हिरावताय?"

तेव्हा नोरीन पुढे आली. अंगावर तोच खिडकीतला एप्रन. ती ब्रेसमोर उभी राहिली. "माझ्या पोराच्या मनात शंका नव्हती," ती म्हणाली. "तीच तर अडचण झाली. त्याने तुझ्यावर पुरता विश्वास ठेवला. तुझ्या शब्दाखातर तो माझ्यासमोर मरायला निघाला होता. आता सांग या लोकांना, दोरी एकोणीस मीटरची का आहे?"

ब्रेने फोनची वायर उपटली, दोरी तिथेच टाकली आणि गाडीकडे निघाला. जाता जाता काहीतरी अंधारलेल्या मनांबद्दल बोलला. कुणी अडवलं नाही. मला अजून वाटतं, अडवायला हवं होतं. केव्हने मात्र त्याच संध्याकाळी पोलिसांना फोन केला.

पुढच्या मंगळवारी बाईंनी दोन किलोमीटरची धाव घेतली. डिसेंबरातल्यासारखीच सकाळ, तेच कुंपण. निम्म्यांच्या मोज्यात तांब्याचं कडं, निम्म्यांच्या मोज्यात तेवढ्याच वजनाचं रंगवलेलं लोखंड, आणि कुणाला काय ते फक्त बाईंच्या वहीत. दोन्ही गट डिसेंबरपेक्षा दहा-बारा सेकंदांनी पुढे आले. सारखेच. दोन महिने रोज पळणारी माणसं जेवढी सुधारतात तेवढीच.

टली त्या हंगामात खेळला नाही. मी त्याला दवाखान्यात भेटलो आणि म्हणालो, "पंप दिसला तेव्हा मी बोलायला हवं होतं."

"हो," तो म्हणाला. "बोलायला हवं होतंस."

बस, एवढंच. आणि त्याचं बरोबर होतं.

आजही आमच्याकडे तिघे-चौघे ते कडं घालतात. त्यांना मी हसत नाही. पण या भागातल्या प्रत्येक क्लबात जाऊन मी आणि नोरीन हेच सांगतो, तुम्हालाही सांगतो. जो चमत्कार विकतो, त्याच्याच दोरीने तो मोजू नका. टेप तुमचा आणा, घड्याळ तुमचं आणा. आधीचं आणि नंतरचं एकाच जागी, दिवसाच्या त्याच वेळी, एकाच मापाने तपासा. "शंका घेऊ नका" असं कुणी म्हणालं, की तिथेच, त्याच क्षणी, सगळ्यांसमोर शंका घ्या. लोक हसतील, हसू द्या. मी हसण्याला भ्यालो आणि एका पोराचे ओठ निळे पडले.