वास येत नाही

ताईच्या नवऱ्याचं नाक ही आमच्या घरातली सगळ्यात मोठी असामी. भाऊजी स्वतः नंतर येतात. एका मोठ्या हॉटेलात ते स्वयंपाकी आहेत, आणि कढईतलं तेल कालचं की परवाचं हे दारातूनच ओळखतात, अशी त्यांची ख्याती. ती पसरवली अर्थात त्यांनीच. लग्न झाल्यापासून ते माझ्या प्रत्येक भाजीला नाक मुरडत आले आहेत, आणि दर वेळी आई मलाच म्हणते, "अगं, त्यांचं नाक आहे ते!" जणू बाकीच्यांना देवाने तिथे फक्त चष्मा टेकवायला जागा दिली आहे.

त्या रविवारी भाऊजींनी हॉटेलच्या नव्या मॅनेजरसाहेबांना जेवायला बोलावलं होतं. मुख्य शेफची जागा रिकामी झाली होती. भाऊजींचा तिच्यावर कित्येक वर्षांपासून डोळा होता, आणि नाव साहेबच ठरवणार होते. म्हणून तर मागच्या अंगणात नवाकोरा गॅस ग्रिल येऊन बसला होता. मला आणि आईला ताईने सकाळीच बोलावून घेतलं, मला कांदे कापायला आणि आईला कौतुक करायला. आईला बसायला खुर्चीही ग्रिलशेजारीच दिली, म्हणजे कौतुक जवळून करता येईल.

साहेब तरुण होते, कडक इस्त्रीतले, आणि समोरचा काहीही बोलला तरी "अगदी, अगदी" म्हणणारे. भाऊजींना आणखी काय हवं? त्यांनी व्याख्यान सुरू केलं.

"ग्रिल नेहमी उघड्यावर हवा. भिंतीपासून लांब. वर छप्पर नको, जवळ पडदे नकोत, वाळत घातलेले कपडे नकोत."

"अगदी," साहेब म्हणाले. ताईने घाईघाईने दोरीवरचा टॉवेल काढला.

"पेटवण्याआधी झाकण उघडायचं. बंद झाकणाखाली गॅस साठतो, आणि ठिणगी पडली की भडका. पण सगळ्यात आधी गळती तपासायची. लोक नळीला साबणाचं पाणी लावतात. लावोत बापडे! आपल्याला ती गरज नाही."

शेवटचं वाक्य सोडलं तर सगळं बरोबर होतं, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. भाऊजींनी झाकण उघडलं, सिलिंडर सुरू केला, गुडघे टेकले आणि नळीच्या जोडाशी नाक नेलं. डोळे मिटून लांबलचक श्वास घेतला.

"वास येत नाही," त्यांनी जाहीर केलं.

"वा!" साहेब म्हणाले.

मला येत होता. चांगला नाकात शिरणारा, सडक्या अंड्यासारखा, गॅसचा असतो तसाच.

"भाऊजी, गॅसचा वास येतोय."

"तुला?" भाऊजी हसले. "अगं, तुला स्वतःचा भात करपलेला कळत नाही."

"गटाराचा असेल," आई खुर्चीतून म्हणाली. म्हणजे तिलाही येत होता.

"मलाही मघाशी जरासा..." साहेबांनी सुरुवात केली, भाऊजींच्या नाकाकडे पाहिलं आणि स्वतःला सावरलं. "नाही, नाही. कुठेतरी रंगकाम चाललंय वाटतं."

मी ताईकडे वळले. ताईचं नाक माझ्यापेक्षा तिखट. लहानपणी मी तिची पावडर चोरून लावली, की ती दुसऱ्या खोलीतून ओरडायची. "ताई, तू सांग."

"मला नाही येत," ताई म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिने ग्रिलपाशी घुटमळणाऱ्या लेकीचं मनगट धरलं आणि तिला थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागे नेलं.

भाऊजींनी लायटर उचलला.

पुढचं मी विचार करून केलं, असं म्हणणार नाही. मी भावी मुख्य शेफना कोपराने बाजूला सारलं, सिलिंडर बंद केला आणि लायटर काढून घेतला. "हा काय आगाऊपणा!" आई ओरडली. तिलाही मी खुर्चीसकट लांब नेलं. वास पार जाईपर्यंत आम्ही सगळे अंगणाच्या टोकाला उभे होतो. मग मी भांडी घासायच्या साबणाचं पाणी आणून जोडावर ओतलं आणि सिलिंडर किंचित उघडला. टपोरे बुडबुडे भराभर फुगू लागले. मी तो पुन्हा बंद केला.

"शेफ," साहेबांनी हळूच विचारलं, "तुम्हाला खरंच नाही आला?"

भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. ते माझ्याकडे नाही, बुडबुड्यांकडे नाही, ताईकडे बघत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माणूस खोटं बोललाच नव्हता. आपल्या भाषेची सोय बघा, वास नाही म्हणायला आणि नाक गेलं म्हणायला शब्द तेच! मध्यंतरी ते तापाने अंथरुणाला खिळले होते. ताप उतरताना नाकही घेऊन गेला होता.

पण वास आलेला असूनही साहेबांनी स्वतःच रंगकामाचं निमित्त काढलं होतं. आता भाऊजींचं नाक कापायचं, तर त्यांचंही थोडं कापलं जाणार.

"वारा!" साहेब म्हणाले. "वारा उलटा होता."

"तेच तर!" आई म्हणाली.

"वाऱ्याने माझंच नाक बरं शोधून काढलं," मी म्हणाले. ते कोणी ऐकलं नाही.

जेवण घरातल्या शेगडीवर झालं. निघताना साहेबांनी भाऊजींचा हात हातात घेतला. "इतका सावध माणूसच मुख्य शेफ हवा. आजचं ते सुरक्षेवरचं सगळ्या किचनला ऐकवा."

मी स्वयंपाकघरात गेले. ताई भांडी घासत होती.

"नाक कधीपासून गेलंय?"

"त्या तापापासून." तिने मागे वळून पाहिलं नाही.

"मग हॉटेलात कसं चालतं?"

"पातेल्यावर वाकतात आणि हाताखालच्यांची तोंडं बघतात. घरी मी हुंगून सांगते. कळलं तर काढून टाकतील गं. दुसरं काय येतं त्यांना?"

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. त्या माणसाची मी इतकी वर्षं टर उडवली, पण अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये. तिच्या पाठीवर हात ठेवायला मी पुढे झाले, आणि मला ते मनगट आठवलं.

"ताई, तुला वास येत होता."

"हो."

"म्हणून लेकीला मागे नेलंस."

"हो."

"आई सिलिंडरला खेटून बसली होती, ताई!"

तिने पातेलं विसळलं, निथळायला पालथं घातलं आणि हात पुसले.

"आईला उठवलं असतं," ती म्हणाली, "तर साहेबांच्या लक्षात आलं असतं."