पिवळी बाजू

आमच्या गल्लीत जी म्हातारी माणसं एकटी राहतात, त्यांच्या खिडकीत एक पुठ्ठा टांगलेला असतो. एका बाजूने पिवळा, दुसऱ्या बाजूने पांढरा. सकाळी नऊच्या आत पिवळी बाजू रस्त्याकडे करायची, संध्याकाळी सातच्या आत पांढरी. सकाळी नऊनंतरही पांढरा दिसला तर दार वाजवायचं. तीनदा वाजवायचं, हाक मारायची, आणि ओ आली नाही तर गल्लीप्रमुखाकडच्या किल्लीने, दोन माणसांसमोर, दार उघडायचं. हा नियम मी लिहिला. गल्लीप्रमुखही मीच. गळ्यात शिट्टी असते म्हणून पोरंटोरं मला शिट्टीबाई म्हणतात. मागून म्हणतात, पण मला सगळं ऐकू येतं.

हौस म्हणून नाही हो केलं हे. दोन वर्षांपूर्वी भरदुपारी चोर घरात शिरला आणि कोपऱ्यावरच्या आजींना खुर्चीला बांधून गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ता नाही. आजी वाचल्या, पण पुन्हा त्या घरात राहिल्या नाहीत. तेव्हा सुरक्षा समिती झाली. अध्यक्ष झाले निवृत्त पोस्टमास्तर, कारण खुर्चीत बसायला ते कधी नाही म्हणत नाहीत. आणि पायपीट माझ्या गळ्यात पडली. माझं शिवणाचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच आहे, वरच आमचं घर, म्हणून म्हणे सोयीचं. रोज सकाळी आणि संध्याकाळी एक फेरी. पुठ्ठे बघायचे, बंद पडलेले दिवे, उघडी गटारं, तुटलेल्या कड्या वहीत लिहायच्या आणि पालिकेत कळवायच्या.

पालिकेत सगळ्यात जास्त तक्रारी लिफ्टकाकांच्या. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या त्यांनी. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगी दुसऱ्या शहरात. तळमजल्यावर, खिडकीशी बसून काही ना काही खोलत बसायचे. जाता येता बघावं तर हातात पाना. दिव्याचा खांब कलला, कळवलं. झाकण हललं, कळवलं. कुणाच्या गॅलरीतली कुंडी कठड्यावर दिसली, कळवलं. "ताई, लिफ्ट पडते तेव्हा एकदम पडत नाही, आधी महिनाभर कुरकुरते. ऐकणारा पाहिजे," असं म्हणायचे. मी म्हणायचे, "काका, तुम्हीच काय कमी कुरकुरता?" हसायचे.

असा हा सावध माणूस, पण पुठ्ठा फिरवायला हमखास विसरायचा. तीनदा आम्ही दार उघडून आत गेलो. दोनदा ते झोपलेले, आणि तिसऱ्यांदा आंघोळ करत होते. पोस्टमास्तर, मी आणि शेजारची बाई दारात उभे, आणि काका टॉवेल गुंडाळून बाहेर आले. त्या दिवशी त्यांचं तोंड बघवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकानात आले आणि इकडे तिकडे बघत म्हणाले, "ताई, तुम्ही रोज जाताच खिडकीवरून. गजातून हात घालून तुम्हीच फिरवत जा की. मी असतोच समोर."

नियमात हे बसत नव्हतं. पुठ्ठा ज्याचा त्यानेच फिरवायचा, हे मीच ठळक अक्षरात लिहिलं होतं. पण म्हटलं जाऊ दे, मी बघतेच आहे ना त्यांना डोळ्यांनी. कुणाला बोलले नाही. सकाळी हात घालायचा, पिवळी बाजू करायची, "काय काका, झाला का चहा?" विचारायचं. "झाला की!" असं आतून आलं की वहीत टिक. संध्याकाळी पुन्हा तेच. सात महिने चाललं असं. बिनबोभाट.

मग तो मंगळवार. दुकानात चार गिऱ्हाइकं, एक नवरी मापं द्यायला आलेली, आणि पालिकेचा तपासनीस दारात उभा. कापडाचे गठ्ठे जिन्याखाली ठेवलेत, आग लागली तर वरच्या लोकांना बाहेर पडायला वाट नाही, तीन दिवसांत हलवा, अशी नोटीस. माझ्याच हातात, माझ्याच गिऱ्हाइकांसमोर. तक्रार कुणाची, विचारलं. त्याने कागद बघून घर क्रमांक सांगितला.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. संध्याकाळच्या फेरीला खिडकीशी उभी राहिले आणि मनात येईल ते बोलले. तुमच्यासाठी मी नियम मोडते, आणि तुम्ही माझा पाणउतारा करता? मला तोंडाने सांगता येत नव्हतं? काका पाना खाली ठेवून म्हणाले, "तीनदा सांगितलं ताई. तुम्ही हो हो म्हणालात." सांगितलं होतं. तेच जास्त झोंबलं. मी म्हटलं, "उद्यापासून तुमचं तोंड बघायची इच्छा नाही मला." आणि पुठ्ठा पांढरा करून निघून आले.

बुधवारी सकाळी पुठ्ठा पांढराच होता. आता नीट सांगते, कारण हेच सांगायचं आहे. पांढरा ठेवला असता तर नऊनंतर मला दार वाजवावं लागलं असतं. दार वाजवलं असतं तर काका समोर आले असते. मला ते नको होतं. म्हणून मी मान दुसरीकडे करून हात घातला, पिवळी बाजू केली आणि पुढे गेले. चहाचं विचारलं नाही. वहीत टिक केली. संध्याकाळी पांढरी. गुरुवारी सकाळी पिवळी. गुरुवारी संध्याकाळी हात गजात असताना आतून आवाज आला. खुट्, खुट्. थांबून पुन्हा खुट्. लोखंडावर लोखंड आपटल्याचा. म्हटलं, चालू आहे यांची दुरुस्ती, चालू दे. शुक्रवारी सकाळी पिवळी. आवाज नव्हता.

शुक्रवारी दुपारी नळवाला आला. मंगळवारी सकाळी तो काकांच्या मोरीतला नळ बघून गेला होता, वॉशर आणून बसवायचा होता. दार वाजवलं, ओ नाही. मागच्या बाजूला जाऊन मोरीच्या झरोक्यातून बघितलं तर पाय दिसले. त्यानेच बोंब मारली, त्यानेच पोलिसांना फोन केला. किल्ली घेऊन मी गेले. दोन माणसांसमोर दार उघडलं, नियमाप्रमाणे.

काका मोरीच्या दारात पडले होते. हातात पाना होता. भिंतीतल्या पाइपाचा रंग एका जागी उडाला होता.

डॉक्टर म्हणाले, बुधवारी पहाटे घसरून पडले असावेत. खुब्याचं हाड मोडलं. गेले गुरुवारी, बहुतेक संध्याकाळनंतर. हे सगळं त्यांनी माझ्यासमोरच पोलिसांच्या साहेबांना सांगितलं. मी ऐकलं. घरी जाऊन मी नवरीच्या ब्लाउजला हुक लावले. बारा हुक. एकही वाकडा नाही.

साहेबांना एकच गोष्ट खटकत होती. "मेलेला माणूस पुठ्ठा फिरवत नाही. हे गेले गुरुवारी, आणि शुक्रवारी सकाळी पुठ्ठा पिवळा. म्हणजे कुणीतरी मुद्दाम फिरवला, दार वाजू नये म्हणून." बरोबरच बोलत होते. दार वाजू नये म्हणूनच फिरवला होता. पण त्यांच्या डोक्यात चोर होता. मंगळवारी घरात कोण येऊन गेलं? नळवाला. प्रेत कुणाला सापडलं? नळवाल्याला. पुठ्ठ्यांची भानगड त्याला माहीत होती का? गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होती. ज्याने कळवलं त्यालाच नेलं.

मी तिथे उभी होते. तोंड उघडायला काय लागतं? एरवी माझं तोंड बंद करायला माणसं लागतात.

शनिवारी नळवाल्याची बायको दुकानात आली. पदराने सारखं कपाळ पुसत होती. "ताई, ते कालपासून आत आहेत. साहेब म्हणतात कबूल कर. कबूल काय करायचं? तुमची वही आहे ना, त्यात बघा ना कोण आलं-गेलं. तुम्ही रोज बघता, तुमच्या शब्दाला वजन आहे. एवढं सांगा ना साहेबांना, हा माणूस तसा नाही म्हणून."

मी तिला पाणी दिलं. म्हटलं, उद्या समितीची बैठक आहे, साहेब येणार आहेत, बोलते. ती पाया पडायला वाकली तेव्हा मी मागे सरकले आणि मशीनवर आदळले. कंबरेला लागलं. लागलेलं कळलं, इतकंच.

रात्रीच्या जेवणाला मी आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, "तू जे करशील ते कर. मी बरोबर येतो." आले नसते तरी चाललं असतं. पण आले.

बैठक सुरू व्हायच्या आधी मी पोस्टमास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं. ते इतके दचकले की चष्माच काढला. म्हणाले, "अहो ताई, कशाला अंगावर ओढून घेता? समितीचं नाव जाईल. उद्यापासून कोण विश्वास ठेवेल पुठ्ठ्यावर? आणि नळवाला काय, पुरावा नाही तर सुटेल आज ना उद्या."

"कधी? आज की उद्या?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा पुन्हा लावला.

चाळीसेक माणसं होती. साहेब पुढे, त्यांच्या बाजूला काकांची मुलगी. तिला मी पहिल्यांदाच बघत होते. नाक अगदी काकांचं. मागच्या भिंतीशी नळवाल्याची बायको. मी उठले, वही उघडली आणि वाचून दाखवल्यासारखं सांगितलं. बुधवार सकाळ, पिवळा, मी फिरवला. बुधवार संध्याकाळ, पांढरा, मी. गुरुवार, मी. शुक्रवार, मी. सात महिने मीच फिरवत होते. एरवी आत बघत होते, हे तीन दिवस बघितलं नाही. चोर-बीर कुणी नाही. नळवाल्याला सोडा.

साहेब लिहीत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "गुरुवारी संध्याकाळी काही ऐकलं?"

इथे नाही म्हणता आलं असतं. कुणालाही कळलं नसतं.

"हो," मी म्हटलं. "पाना आपटल्याचा आवाज. मला वाटलं दुरुस्ती करताहेत."

काकांच्या मुलीने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "आत का नाही बघितलंत?"

"राग आला होता."

"कसला?"

"त्यांनी माझ्या गठ्ठ्यांची तक्रार केली होती."

तिने अजून काही विचारावं, ओरडावं, अंगावर यावं, म्हणून मी उभीच राहिले. ती मांडीवरच्या पिशवीची घडी घालत होती. घातली, मोडली, पुन्हा घातली. मागून कुणीतरी "शी!" म्हणालं. नळवाल्याची बायको माझ्याकडे न बघता बाहेर गेली. तिचंही बरोबरच होतं. कालच पाणी न देता हे सांगायला हवं होतं, तिचा माणूस एक रात्र आधी घरी आला असता. साहेबांनी जबाबावर सही घेतली आणि म्हणाले, पुढे काय होईल ते वरून कळेल, गाव सोडून जाऊ नका.

नळवाला त्याच संध्याकाळी सुटला.

गल्लीप्रमुखपद माझ्याकडून काढून घ्यावं असं सगळ्यांचं मत पडलं. पण कुणी घ्यावं यावर कुणाचंच पडलं नाही. पोस्टमास्तर म्हणाले, तूर्त घरांच्या किल्ल्या ठेवलेल्या कपाटाची किल्ली तुमच्याकडेच राहू दे. घरी येऊन मी आणि ह्यांनी गठ्ठे जिन्याखालून हलवले. अर्धा तास लागला. नुसता अर्धा तास. जागा मोकळी झाल्यावर मी तिथे पायरीवर बसले. रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. हे म्हणाले, चल वर, तर गेले.

सोमवारी सकाळी फेरीला निघाले. कुणी जा म्हटलं नव्हतं, जाऊ नको असंही म्हटलं नव्हतं. कोपऱ्यावरचा दिवा सुरू झालाय, वहीत लिहिलं. काकांनीच कळवला होता तो. तिसऱ्या घरातल्या आजी मला बघून खिडकीतून मागे झाल्या. पुठ्ठा त्यांचा पिवळा होता. टिक.

काकांची खिडकी. मुलगी सामान आवरून पहाटेच गेली होती, दाराला कुलूप. पुठ्ठा तसाच टांगलेला, पिवळा. शुक्रवारपासून कुणी हात लावला नव्हता. मी केला होता तसाच होता. खुर्ची रिकामी, टेबलावर एक खोललेला पंखा आणि त्याचे स्क्रू एका बशीत.

मी गजातून हात घातला आणि पांढरी बाजू बाहेर केली. घड्याळ बघितलं. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

नऊनंतर पांढरा दिसला की दार वाजवायचं. मी दारापाशी गेले आणि वाजवलं. तीनदा.

मग हाक मारली, "काय काका, झाला का चहा?"