उन्मेषच्या नावावरचे चौदा गोल

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. लोअर परळच्या मोरजकर चाळीच्या फाटकातून आत आलात की डाव्या हाताला, मंडळाच्या खोलीबाहेर टांगलेला. पण तुम्ही थांबलात ते माझी कहाणी ऐकायला, की माझ्यावर आज कुणाचं नाव आहे ते बघायला, हे मला आधी कळू द्या. राग मानू नका. तीस वर्षं मी माणसं बघतो आहे. माझ्यासमोर थांबलेला माणूस आधी स्वतःचं नाव शोधतो. ते नसलं की शेजाऱ्याचं. शेजाऱ्याचं सापडलं की तो जरा जास्त वेळ थांबतो.

मी मुळात कपाटाचं दार. कपाट मोडलं तेव्हा गुणाजी सुताराने मला वेगळं काढलं, रंधा मारला, काळा रंग दिला आणि दोन खिळ्यांवर अडकवलं. बिजागरीच्या खुणा अजून माझ्या कडेला आहेत. पुढे माझ्यावर पाण्याच्या वेळा लिहिल्या गेल्या, दहावीचे निकाल, गणपतीचे कार्यक्रम, ‘दुःखद निधन’. लग्न ठरलं की माझ्यावर रंगीत खडूने वेलबुट्टी निघायची. त्या काळात मला मान होता. येताजाता एखादी बाई पदराने माझी धूळ पुसायची. हल्ली सगळं मोबाइलवर येतं, आणि मला ओल्या फडक्याने पुसतात. ओलं फडकं फळ्याला चांगलं नसतं, पण सांगणार कुणाला?

तीन वर्षांपूर्वी माझे दिवस पुन्हा फिरले. आमच्या चाळीतला उन्मेष शहराच्या व्यावसायिक फुटबॉल संघात निवडला गेला. संघाचं नाव बंदर एफसी. त्या दिवशी माझ्यावर निळ्या खडूने लिहिलं होतं, ‘आपल्या चाळीचा उन्मेष! डावा बचाव!’ ज्या चाळीत त्याआधी क्रिकेटशिवाय दुसरं काही चालत नव्हतं, तिथे एका आठवड्यात चाळीसेक फुटबॉलतज्ज्ञ तयार झाले. मला तेव्हाच संशय आला होता.

मंडळाच्या खोलीत सगळे मिळून टीव्हीवर सामना बघायचे. नंतर संघाची चिरफाड व्हायची ती माझ्यासमोर. कोणाला ठेवा, कोणाला काढा, प्रशिक्षक झोपतो का, पुढचा गडी धावतो की फिरायला येतो, सगळं. आणि नोंद ठेवायचे तात्या. तात्या गिरणीत टाइमकीपर होते. कोण किती वाजता आला, कोण कुठल्या साच्यावर, म्हणजे मागावर, उभा, याची हजेरी त्यांनी आयुष्यभर मांडली. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. त्यांनी लिहिलेल्याला चाळीत कुणी कधी हात लावला नाही.

यंदा संघ घसरला. बारा संघांत दहावा आला. आपल्या संघावर झालेला प्रत्येक गोल तात्यांनी माझ्यावर मांडला होता. तीन रकाने: ‘उन्मेष’, ‘उजवा’ आणि ‘मधून’. गोल उन्मेषच्या बाजूने झाला की त्याच्या नावाखाली एक रेघ, दुसऱ्या बाजूने झाला की उजव्या बचावपटूच्या नावाखाली. हंगाम संपला तेव्हा उन्मेष चौदा, उजवा चार, मधून बारा.

चौदा आणि चार. असे आकडे दिसले की माणसाचा मेंदू काही मिनिटांत कारण शोधून काढतो.

“फुटलाय तो,” हितेंद्र म्हणाला. हा मोबाइलची कव्हरं विकतो आणि मंडळाचा सेक्रेटरी आहे. “दादरला मी त्याला गोव्याच्या नंबरप्लेटच्या गाडीतून उतरताना बघितलाय. पुढच्या वर्षी तिकडे खेळणार. म्हणून इकडे गोल सोडतो.”

“हितूदादा, गाडीतून उतरला म्हणून फुटला?” दर्शना म्हणाली. ती जवळच्याच एका ऑफिसात काम करते आणि एकही सामना चुकवत नाही.

“मग चौदा कसे? तू सांग. फळ्यावर आहे की नाही?”

फळ्यावर होतं. मित्रांनो, इथे मला माझा एक दोष कबूल केला पाहिजे. माझ्यावर लिहिलं की ते खरं दिसतं.

त्यानंतर लवकरच उन्मेषने चाळीत यायचं सोडलं. तो संघाच्या वसतिगृहात राहतो, पण दर रविवारी आईकडे जेवायला यायचा. एका रविवारी तो फाटकातून आत आला, माझ्यासमोर थांबला, आणि मागून कुणीतरी ओरडलं, “गोवा मेल आली रे!” तो वर गेलाच नाही. तसाच वळला. त्यानंतर चार रविवार त्याची आई शांताबाई दोन माणसांचं बांगड्यांचं कालवण करत होती आणि सोमवारी दुपारी उरलेलं एकटी जेवत होती. लेकाच्या बदनामीसमोरून तिला रोज दुधाला जावं लागायचं. ती माझ्याकडे बघायची नाही. तिच्याकडे बघवेना म्हणून मीही पाठ फिरवली असती, पण माझी पाठ भिंतीला आहे.

आता रविवारी दादरच्या एका हॉलमध्ये संघाचे अधिकारी चाहत्यांना भेटणार होते. प्रत्येक चाहतामंडळाने एक पत्र द्यायचं: कोण हवा, कोण नको. हितेंद्रने पत्र तयार केलं होतं. ‘उन्मेष नको, त्याच्या निष्ठेबद्दल शंका आहे.’ सोबत पुरावा म्हणून माझा फोटो. स्वतःच्याच चाळीने असं लिहून दिल्यावर तो पोरगा या फाटकात पुन्हा पाय ठेवणार नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काहींना तेच हवं होतं की काय, अशीही मला शंका आहे.

शनिवारी संध्याकाळी हितेंद्र फोटो काढायला मोबाइल घेऊन उभा राहिला, तेवढ्यात शांताबाई खाली आली. हाताला पीठ तसंच.

“थांब रे. माका वाचू दे काय लिवलाय ता.”

ती पहिल्यांदाच माझ्यासमोर उभी राहिली. तात्यांनी प्रत्येक रेघेखाली बारीक अक्षरात सामना आणि मिनिट लिहिलं होतं. तिने एका रेघेवर बोट ठेवलं.

“तात्या, हा कलकत्त्याच्या मॅचचा, सत्तराव्या मिनिटाचा. हा माझ्या बाबूचा कसा?”

“वरच्या बाजूने आला, शांता. सुरुवातीलाच मी विचारून घेतो, उन्मेष कुठे? टीव्हीवर वर की खाली? त्या दिवशी वर होता.”

“पण तेव्हा तर तो खाली होता.”

“अगं, मॅच सुरू होताना वर होता.”

“होता ना. मग मध्यंतरानंतर खाली आला. नेहमीच येतो.” तिने पिठाचा हात पदराला पुसला. “माका फुटबॉल कळना नाय, तात्या. मी दारात उभी राहून फक्त त्यालाच बघते. टीव्हीवर तो वर असला की मुंगीएवढा दिसतो, तेव्हा मी पोळ्या लाटायला जाते. खाली आला की चेहरा दिसतो, तेव्हा परत येते. सत्तराव्या मिनिटाला मी दारात होते. म्हणजे तो खाली होता.”

मग दर्शना हळूच म्हणाली, “अरे देवा. टोकं बदलतात ना!”

तुमच्या लक्षात आलं का, मित्रांनो? मध्यंतरानंतर दोन्ही संघ मैदानाची टोकं बदलतात. डावा बचावपटू डावाच राहतो, पण त्याचं तोंड फिरतं, म्हणून टीव्हीवर तो वरच्या कडेचा खालच्या कडेला येतो. खाली असला तर वर जातो. तात्यांनी सामना सुरू होताना त्याची जागा एकदा लिहून घेतली आणि नव्वद मिनिटं तीच धरली.

“गिरणीत पाळी सुरू झाली की माणूस साचा बदलायचा नाही,” तात्या म्हणाले. आवाज अगदी बारीक. “भोंगा होईपर्यंत तिथेच. मी तसंच धरलं. पाठीवरचे नंबर मला दिसत नाहीत हल्ली.”

“आणि तुम्ही बाकीचे?” शांताबाईने सगळ्यांकडे बघितलं. “तुमका तर दिसतं ना?”

बाकीचे चपला बघत होते. सामना चालू असताना त्यांना दिसत होतं, पण सामना संपल्यावर ते माझ्याकडे बघत होते.

दर्शनाने मोबाइलवर बाजूचे अठराही गोल लावले. एकेक करून, तात्यांच्या अगदी डोळ्यांजवळ धरून. तात्या प्रत्येक गोल दोनदा बघायचे आणि स्वतःच्या हाताने रेघ पुसून दुसरीकडे ओढायचे. उन्मेषचे दहा गोल उजव्याकडे गेले, उजव्याचा एक उन्मेषकडे आला. उन्मेष पाच, उजवा तेरा.

“आणि ती गोव्याची गाडी?” हितेंद्रने शेवटचा प्रयत्न केला.

“त्यांच्या मालीशवाल्याची,” शांताबाई म्हणाली. “म्हापशाचा आहे तो. माझ्याकडे जेवून गेलाय. तुला विचारायला तोंड नव्हतं काय रे?”

हितेंद्रने पत्र फाडलं. मग दोन मिनिटांनी खडू उचलून तो म्हणाला, “म्हणजे तो उजवा फुटलाय!”

“हितू,” तात्या म्हणाले, “खडू ठेव खाली.”

दुसऱ्या दिवशी आमच्या चाळीकडून एकच ओळ गेली: ‘नोंदीत आमची चूक झाली, मत राखून ठेवतो.’ आमच्या पत्राची तिथे कुणी वाट बघत होतं, यावर माझा विश्वास नाही. पण तात्यांनी सकाळीच उन्मेषला फोन लावला होता. पंचाहत्तरीचा माणूस, हजेरीत आयुष्यात पहिल्यांदा चुकलेला, “पोरा, माझं चुकलं, जेवायला ये” एवढंच म्हणाला.

उन्मेष दुपारी आला. फाटकातून, सगळ्यांसमोरून. माझ्याजवळ थांबला, प्रत्येक रेघ वाचली. मग खडू उचलला. ‘मधून’ खालची एक रेघ पुसली आणि आपल्या नावाखाली ओढली.

“दुसऱ्या मॅचचा हा माझा आहे, तात्या,” तो म्हणाला. “मी जागा सोडून पुढे गेलो होतो. माझी जागा झाकायला मधला सरकला, म्हणून मधली जागा मोकळी पडली. टीव्हीवर ते दिसत नाही.”

पाचाचे सहा झाले. तो जिना चढून गेला. वरून कालवणाचा वास येत होता.

“स्वतःहून एक कसा काय वाढवला याने?” हितेंद्र पुटपुटला. “काहीतरी असणार.”

तर मित्रांनो, मला कोरड्या फडक्याने पुसत जा, एवढं माझ्यासाठी करा. आणि माझ्यावर असो की तुमच्या मोबाइलवर, कुणाच्या नावापुढे रेघा दिसल्या तर त्या मोजायच्या आधी विचारा, मोजणारा कुठे बसला होता आणि त्याला तिथून काय दिसत होतं. मी लाकूड आहे, मला विचारता येत नाही. तुम्हाला येतं.