सगुणाचा लेबलांचा प्रोग्रॅम

माझी बायको सगुणा माघात गेली. चैत्रात आंबा सुरू झाला तेव्हा तिचा कॉम्प्युटर मी पहिल्यांदा चालू केला.

आमच्या गटातल्या अकरा बागायतदारांच्या पेट्यांची लेबलं त्यातून निघतात. बागेचं नाव, तोडणीची तारीख आणि पेटी कधी उघडायची ती तारीख. त्यासाठीचा छोटा प्रोग्रॅम सगुणाने घरी बसून पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकून लिहिला होता. मी मोटार मेकॅनिक. कॉम्प्युटरमधलं पायथन फार जुनं झालंय असं वाचलं, म्हणून ते काढून नवीन टाकलं. जुना पार्ट गाडीत ठेवायचा नाही, ही माझी सवय.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅकिंग शेडमध्ये लेबल निघेना. पडद्यावर लाल अक्षरं आली, नवव्या ओळीत चूक. दुपारी पेट्या न्यायला हातखंब्याला ट्रक लागणार होता. सगळे माझ्याकडे बघत होते.

"सगुणानेच कच्चं लिहिलंय," मी म्हणालो. "कॉलेजात शिकलेली थोडीच होती ती."

गंगाराम पेटीत पेंढा घालत होता. वर न बघता म्हणाला, "चार वर्षं वहिनींच्या लेबलाची एक पेटी परत आली नाय, भाऊ. आता मेल्यावर चुकायला लागल्या त्या?"

कोणी हसलं नाही.

पुण्याला मुलीला, आरोहीला फोन लावला.

"बाबा, तुम्ही काही बदललंत का?"

"नाय गो."

तिने त्या ओळीत 'प्रिंट' या शब्दापुढे कंस घालायला सांगितला. एक चूक गेली, खाली दुसरी आली. असं अर्धा तास चाललं. मग ती म्हणाली, "नवीन पायथन टाकलंत ना? त्यात लिहायची पद्धत बदललीय. आईचं बरोबर होतं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा?"

"टाकलं," मी म्हणालो.

"बरं. आता अगदी पहिल्या ओळीपासून वाचा."

पहिल्याच ओळीत सगुणाने लिहून ठेवलं होतं, 'नवीन पायथनवर हे चालणार नाही. बदलण्याआधी आरोहीला विचारा.' सकाळी नववी ओळ शोधताना मी ती ओलांडून गेलो होतो.

मी एकेक ओळ वाचत गेलो आणि आरोही सांगेल तशी बदलत गेलो; अकरा वाजता लेबलं निघाली. मी गंगारामजवळ जाऊन म्हणालो, "चूक माझी होती. तिचं बरोबर होतं."

"मला काय सांगता," तो म्हणाला. "त्या पलीकडे बसलेल्या बायांनी सकाळचं ऐकलंय. त्यांना ऐकू जाईल असं बोला."

मी पुन्हा बोललो, मोठ्याने.