डाव्या बाजूची वळचण

माझी जीप लष्कराच्या लिलावातली, बिनदारांची, स्टिअरिंग डावीकडे. मरोळच्या आमच्या गावठाणात अशी गाडी दुसऱ्या कुणाकडे नव्हती आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू दिली नव्हती. पंच्याऐंशी साली मला अवदसा आठवली आणि मी तिला रुंद टायर चढवले. ते मडगार्डच्या चांगले चार बोटं बाहेर आले. गाडी दिसायची झकास. पण जरा चिखल लागला, की पुढचं चाक तो उचलून थेट बसणाऱ्याच्या अंगावर फेकायचं. जुने टायर मी रिमसकट विकून बसलो होतो, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार?

पुढच्या वर्षी मे महिन्यात लूर्डसचं, माझ्या एकुलत्या एक मुलीचं, लग्न ठरलं. चर्च नवऱ्याकडच्यांचं, आरे कॉलनीच्या पलीकडे, गोरेगावच्या बाजूला. वाट आरेतूनच, आणि तिथे एका वळणावर म्हशी धुतल्याचं शेणपाणी कायम साचलेलं असायचं. लूर्डस माझ्या जीपमधून लग्नाला जाणार, हे मी ती रांगत होती तेव्हाच ठरवलं होतं. माझ्या बायकोनं, बेलानं, चार महिने खपून तिचा पांढरा झगा शिवला होता. ती म्हणाली, "तुझ्या त्या रणगाड्यात माझा झगा जाणार नाय. ते लोक फियाट पाठवतायत, गप ऐक."

शेवटी लूर्डसनंच निकाल दिला. "डॅडी, मला जीपमधूनच जायचंय. पण झग्यावर एक ठिपका जरी पडला ना, मी चर्चमध्ये पाय ठेवणार नाय. फियाट सांगून ठेवा."

फियाट हा शब्द माझ्या जिव्हारी लागला.

एका परदेशी मासिकात मी पाहिलं होतं, की असे टायर लावणारे लोक मडगार्डला वरून एक रुंद कड बसवतात. तिला फ्लेअर म्हणतात. इथे ती मिळणार कुठे? दोन पत्रेवाल्यांनी हात वर केले. तेव्हा कुणीतरी सीताराम मेस्त्रींचं नाव सुचवलं. मूळचे मालवणकडचे, वीस वर्षं गोरेगावच्या एका स्टुडिओत सेट बांधत होते. देवळं, राजवाडे, तोफा, सगळं प्लास्टर आणि फायबरमधून काढायचे.

ते आले. जीप अंगणात, भिंतीला उजवी कूस लावून उभी होती. त्यांनी टेप काढला नाही, कागद मागितला नाही. मडगार्डवरून नुसता तळहात फिरवला आणि म्हणाले, "गाडीक वळचण घालूची आसा. होतला."

तीन रविवार त्यांनी काम केलं. आधी मडगार्डवरच शाडूची माती चढवली आणि अंगठ्यानं दाबत दाबत ती कड घडवली. मी काहीतरी टोमणा मारायचा म्हणून खुर्ची टाकून बसलो होतो. तो टोमणा काही मला सुचला नाही. माती पत्र्यातून आपोआप उगवावी तशी वर येत होती. मग त्या मातीवरून प्लास्टरचा साचा, साच्यात फायबर, आणि शेवटी हिरवा रंग. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी ती कड बोल्ट मारून बसवली. सांधा कुठे आहे ते मला नखानं शोधूनही सापडलं नाही. एवढ्या जवळून एवढं देखणं काम मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी तसं त्यांना सांगितलंसुद्धा, आणि मी सहसा कुणाला असं काही सांगत नाही.

"रंग सुकाक व्हयो. सकाळपर्यंत गाडी हलवू नकात," एवढं बोलून ते गेले.

सकाळी मी जीप भिंतीपासून पुढे घेतली आणि बेलानं कपाळाला हात लावला. उजवी बाजू कोरी होती. तिकडे चाक पूर्वीसारखंच उघडं बाहेर आलेलं. भिंतीकडचंही काम होतच असणार असं धरून मी तिथे एकदाही डोकावलो नव्हतो.

मेस्त्री लग्नासाठी नवा सदरा घालून मांडवात आलेच होते. माझा आवाज ऐकून ते गोंधळले. "पण नवरी डावीकडेच बसता ना? आमच्याकडे तरी तसाच. मगे जी बाजू दिसाचीच नाय, ती कित्याक करूची?" वीस वर्षं त्यांनी राजवाड्यांच्या फक्त पुढच्या भिंती बांधल्या होत्या. पण या गाडीत डावीकडे ड्रायव्हर बसतो. म्हणजे शेणपाण्यापासून वाचणार होतो मी, आणि भिजणार होती नवरी.

मी खाली मान घातली. "फियाटला फोन कर," मी बेलाला म्हटलं.

लूर्डस पायऱ्या उतरून आली. तिनं दोन्ही बाजू पाहिल्या, टाचांचे बूट काढून माझ्या हातात दिले, झगा गोळा केला आणि डावीकडे चढली. गाडी तिला मीच आरेत शिकवली होती. "डॅडी, तुम्ही तिकडे बसा," ती म्हणाली.

त्या वळणावर तिनं वेग कमी केला नाही. डावं चाक पाण्यात गेलं, शेणपाणी उसळलं, त्या वळचणीला खालून आपटलं आणि मुकाट्यानं रस्त्यावर पडलं. मी हे डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या क्षणी उजव्या चाकानं त्याचा वाटा माझ्या नव्या सुटावर ओतला. तोंड पुसून पाहतो तर लूर्डस अनवाणी पायानं क्लच दाबून गिअर टाकत होती, आणि तिच्या अंगावर एवढासाही ठिपका नव्हता. हिला इतकी वर्षं घरात वावरताना मी नीट पाहिलंच नव्हतं, असं वाटलं.

चर्चच्या दारात सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणीतरी हसलं. मुलीला हाताला धरून आत न्यायचं ते बापानं, पण मी लांब उभा राहून म्हटलं, "मामाला घेऊन जा. तुझा झगा खराब होईल."

तिनं बूट चढवले आणि माझ्याजवळ आली. "चला," म्हणाली, आणि पांढरा हातमोजा घातलेला हात तिनं माझ्या त्या शेणानं माखलेल्या बाहीत घट्ट अडकवला.